प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंत : वैद्यकीय संशोधनाची ओळख



वर्तमानपत्र उघडले की नव्या औषधाची, नव्या लशीची नाहीतर नव्या शस्त्रक्रियेची बातमी दिसते. ती वाचून आपण देवाचे आभार मानतो. पण आपल्यापैकी ज्यांनी आदिवासी भागातील आरोग्य शिबिरे पाहिली आहेत, त्यांच्या मनात एक प्रश्न राहतोच. एवढे शोध लागत आहेत, मग पाड्यावरची लेकरे अजूनही त्याच जुन्या आजारांनी का दगावतात? आणि आपण दिलेल्या दानाचा या मोठमोठ्या संशोधनाशी काही संबंध आहे का?

याचे उत्तर मिळवायचे तर ‘वैद्यकीय संशोधन’ म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवे. ते एकच काम नाही. त्याच्या अनेक शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेचा प्रश्न वेगळा आहे. आजार कशामुळे होतो? तो कोणाला होतो? कसा ओळखायचा? कोणते औषध खरोखर लागू पडते? आणि ते औषध गरजू माणसाच्या हातात कसे पोहोचवायचे? या सगळ्या शाखा एकदम पाहण्यापेक्षा आपल्या कामाच्या भागात सर्वत्र भेटणारा एकच आजार घेऊ आणि त्याच्या मागोमाग जाऊ. तो आजार म्हणजे सिकलसेल.

समजा, नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचे हातपाय अधूनमधून इतके दुखतात की ती रात्रभर रडते. डोळे पिवळसर दिसतात, चालताना दम लागतो, शाळा सतत बुडते. घरच्यांनी भगताला दाखवले, गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतले, दोन दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. आता या मुलीविषयी संशोधनाच्या कोणत्या शाखेला काय ठाऊक आहे, ते क्रमाने पाहू.

सूक्ष्मदर्शकाखाली

पहिली शाखा विकृतिशास्त्राची. शरीरात नेमके काय बिघडले आहे ते ही शाखा पाहते. १९१० साली अमेरिकेत शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण होता. त्याच्या तांबड्या पेशी नेहमीसारख्या गोल नव्हत्या. त्या लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या दिसत होत्या. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून आजाराचे नाव पडले.

आपल्या मुलीच्या दुखण्याचे कारण इथेच कळते. गोल, मऊ पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून सहज सरकतात. विळ्यासारख्या कडक पेशी तिथे अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि त्या जागी असह्य कळा येतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात. भारतात हा विकार पहिल्यांदा १९५२ साली नोंदला गेला, तोही निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये.

रेणू आणि जनुके

पेशी वाकड्या का होतात, हा पुढचा प्रश्न जीवरसायनशास्त्राचा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत आहे, हे वैद्यकशास्त्राला तेव्हा पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे कळले. काही वर्षांनी व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत शेकडाभराहून अधिक दुवे असतात. त्यांपैकी सहाव्या जागी एकच दुवा बदललेला असतो. एवढ्याशा बदलाने ही मुलगी रात्रभर कळवळते.

आनुवंशिकशास्त्राने त्याच काळात आणखी एक गोष्ट सिद्ध केली. हा दोष आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच आला तर मूल ‘वाहक’ होते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोघांकडूनही आला तरच मूल ‘ग्रस्त’ होते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते. यात आईचे पाप नाही, कोणाची करणी नाही, कोणाचा शाप नाही. पाड्यावर एखाद्या सुनेला ‘आजारी पोरे जन्माला घालते’ म्हणून बोल लावला जातो, तेव्हा हे साधे शास्त्रीय सत्य तिच्या बाजूने उभे राहते.

आजार कुठे आणि कोणाला

तिसरी शाखा साथरोगशास्त्राची. नावावरून वाटते तसे तिचे काम फक्त साथींपुरते नाही. कोणता आजार कोणत्या भागात, कोणत्या समाजात, किती प्रमाणात आहे आणि का आहे, हे ती शोधते. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत पाहिले की जिथे मलेरिया जास्त, तिथे सिकलसेलचे वाहकही जास्त. कारण वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून काही अंशी संरक्षण मिळते. पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या जंगलात राहिलेल्या समाजांत हा गुणधर्म म्हणूनच टिकून राहिला. आपल्याकडे सातपुडा, मेळघाट, गडचिरोली या पट्ट्यांत सिकलसेल आढळतो, त्यामागेही हाच जुना इतिहास आहे. वाहक असणे ही जातीची किंवा रक्ताची कमतरता नाही. त्याच्या पूर्वजांना ज्याने वाचवले, त्याचीच ती खूण आहे.

निदानाच्या चाचण्या

आजार कळला, पण या मुलीला तोच आहे हे ओळखायचे कसे? शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ‘सोल्युबिलिटी’ चाचणी करतात. ती स्वस्त आहे आणि लवकर होते. पण ती फक्त ‘सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही’ एवढेच सांगते. वाहक कोण आणि ग्रस्त कोण, हे सांगायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी लागते. ती बहुधा मोठ्या दवाखान्यात होते.

ही फट फार महत्त्वाची आहे. पहिली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, दुसरी झालीच नाही, असे झाले तर निरोगी वाहक घाबरून बसतो आणि खरा ग्रस्त औषधावाचून राहतो. म्हणून जागच्या जागी, विजेशिवाय, काही मिनिटांत पूर्ण उत्तर देणाऱ्या चाचण्यांवर अलीकडे बरेच काम झाले आहे आणि त्या आता वापरातही आल्या आहेत. मोठ्या यंत्रांच्या बातम्या छापून येतात, पण पाड्याच्या दृष्टीने अशी लहानशी पट्टीच मोठा शोध ठरते.

औषधांची पारख

एखादे औषध ‘गुणकारी आहे’ असे चार जणांनी सांगितले म्हणून ते शास्त्र होत नाही. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात. एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी किंवा नेहमीचा उपचार देतात आणि दोन्ही गटांवर बारकाईने लक्ष ठेवतात. याला चिकित्सालयीन चाचणी म्हणतात.

सिकलसेलच्या लहान मुलांना जंतुसंसर्ग फार लवकर होतो, कारण त्यांची पाणथरी नीट काम करत नाही. १९८६ साली अमेरिकेतील एका चाचणीत तीन वर्षांखालील २१५ मुलांना याच पद्धतीने तपासले. ज्यांना रोज साधे पेनिसिलिन तोंडाने दिले, त्यांच्यात गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवून सगळ्याच मुलांना औषध सुरू केले. पेनिसिलिन काही नवे नव्हते. ते कोणाला, केव्हापासून द्यायचे, हे कळणे हाच शोध होता.

१९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरिया या औषधाची अशीच पारख झाली. कर्करोगात वापरले जाणारे हे जुने औषध. त्याने प्रौढ रुग्णांच्या कळांचे झटके सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले. पुढे ते मुलांसाठीही उपयोगी असल्याचे दिसले. आज आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला तेच रोज गोळीच्या रूपात द्यायचे असते. सोबत फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, वेळेवर लसी आणि ताप आला की वाट न पाहता दवाखाना. अधूनमधून रक्त तपासावे लागते, कारण गोळीचा डोस त्यावर ठरतो.

जनुकोपचार : आशा आणि किंमत

आता सर्वांत नव्या शाखेकडे येऊ. १९४८ मध्ये डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले होते की सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांना सुरुवातीचे काही महिने त्रास होत नाही. पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते जन्मानंतर काही काळ टिकते. मग हेच हिमोग्लोबिन मोठेपणीही परत सुरू करता आले तर?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला पंचाहत्तर वर्षे लागली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या एका जनुकोपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढतात, ‘क्रिस्पर’ नावाच्या तंत्राने त्यांतील एक जनुक कापून बदलतात आणि पेशी परत देतात. त्याआधी तीव्र औषधांनी जुनी मज्जा रिकामी करावी लागते. रुग्ण कित्येक आठवडे दवाखान्यात राहतो. उपचार घेतलेल्यांपैकी बहुतेकांचे कळांचे झटके थांबले. क्रिस्परने तयार झालेले जगातले हे पहिले मान्यताप्राप्त औषध, आणि ते निघाले ते सिकलसेलसाठी.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. तेव्हाच्या दराने ते सुमारे १८ कोटी रुपये होतात. आपल्या देशातही दिल्लीची आयजीआयबी ही शासकीय संस्था स्वस्त जनुकोपचारावर काम करत आहे. त्या शास्त्रज्ञांसाठी जरूर प्रार्थना करावी. पण धडगावची मुलगी आज नऊ वर्षांची आहे. तिला आज हवी आहे ती रोजची गोळी.

घरापर्यंत पोहोचण्याचे शास्त्र

इथे शेवटची शाखा येते, सार्वजनिक आरोग्याची. बातम्यांत ती क्वचितच दिसते. औषध आहे, निदान आहे, तरीही माणसापर्यंत का पोहोचत नाही, आणि पोहोचवायचे तर कसे, याचेही मोजमापाने संशोधन करता येते. त्याची तीन उदाहरणे आपल्याच देशात आहेत.

पहिले क्षयरोगाचे. पूर्वी क्षयाच्या रुग्णाला घर सोडून महिनोन्‌महिने सॅनिटोरियममध्ये राहावे लागे. मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचे असेच क्षयरोग रुग्णालय होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. १९५६ पासून मद्रासमध्ये एक चाचणी झाली. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच तीच औषधे दिली. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त धोकाही झाला नाही. या निष्कर्षाने जगभरातील क्षयोपचाराची पद्धत बदलली.

दुसरे गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन घेत, त्याला उबदार ठेवायला शिकवत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि पुढे आशा कार्यकर्तींच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यावर उभा राहिला.

तिसरे झारखंडचे, अगदी अलीकडचे. तिथे २,८०० क्षयरुग्णांच्या घरांचा अभ्यास झाला. संथाळ, हो, मुंडा, उराँव अशा समाजांतील कुटुंबे त्यात मोठ्या संख्येने होती. सर्व रुग्णांना पोषक शिधा दिला. पण निम्म्या घरांत रुग्णासोबत राहणाऱ्या माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांतील माणसांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. पोटभर जेवण लशीसारखे काम करते, हे आकड्यांनी सिद्ध झाले. आपण शिध्याच्या पिशव्या भरतो तेव्हा ते केवळ दयेचे काम नसते, ते रोगप्रतिबंधाचेही काम असते.

सिकलसेलसाठीही आता अशी मोहीम सुरू आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात मध्य प्रदेशात शहडोल येथे झाली. आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी ही सुरुवात झाली. पुढे गोळ्या नियमित मिळाल्या पाहिजेत. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेले, तर मुलीच्या गोळ्या सोबत गेल्या पाहिजेत. भिली किंवा पावरी भाषेत तिच्या आईला कोणीतरी सगळे समजावले पाहिजे. यातले एकही काम प्रयोगशाळेत होत नाही.

संशोधन कोणावर, कोणाच्या संमतीने

एका दुःखद गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आदिवासी लोक संशोधनाचा लाभ मिळण्यात मागे राहतात, पण संशोधनाचा विषय होण्यात मात्र पुढे ढकलले जातात. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रकल्प शाळकरी मुलींवर राबवला गेला. खम्ममच्या वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. ते मृत्यू लशीमुळे झाले असे चौकशीत आढळले नाही, आणि ही लस आज जगभर उपयुक्त मानली जाते. परंतु संमती घेण्यातील त्रुटींवर पुढे संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

यातून आपणही धडा घेतला पाहिजे. चांगल्या हेतूनेसुद्धा कोणाच्या वतीने परस्पर सही करायची नाही. शिबिरात रक्त घेताना ते कशासाठी, निकाल कोणाला कळणार, नको असेल तर नाही म्हणता येईल, हे त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला मनुष्य कोणाच्याही प्रयोगाचे साधन नाही, हा आपला विश्वासच आहे.

याउलट चांगले उदाहरण आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात आहे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म दक्षिणेतील कोल्ली डोंगरात, आदिवासींत सेवा करणाऱ्या मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. पुढे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांचा अभ्यास केला. बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे भाजते, कापते, ते रुग्णाला कळत नाही आणि त्या जखमांनी बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी वाकडे हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाचे केले. ज्यांना कोणी स्पर्श करत नव्हते, त्यांचे हात हातात घेऊन केलेले ते संशोधन होते.

आपला वाटा

मग आपण काय करू शकतो? मोठी प्रयोगशाळा उभारणे आपल्या हाती नाही. पण शेवटचे अंतर बहुतांशी आपल्यासारख्यांच्याच हाती आहे. रुग्णाचा दवाखान्यापर्यंतचा प्रवासखर्च, दुसऱ्या तपासणीची सोय, शिधा, भाषा जाणणारी आरोग्यसेविका, महिन्याच्या महिन्याला होणारी घरभेट, यांसाठी दिलेला प्रत्येक रुपया त्या लांबलचक साखळीचा शेवटचा दुवा जोडतो. रक्तदान करणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे की सिकलसेलच्या मुलांना कधीकधी अचानक रक्त लागते. आदिवासी भागातील आपल्या पाळकांनी विवाहापूर्वी वधूवरांशी बोलताना सिकलसेल तपासणीची आठवण जरूर करावी. लग्न मोडण्यासाठी नव्हे, तर होणाऱ्या आईबापांना आधीच माहिती असावी म्हणून.

चांगल्या शोमरोनीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली, निघताना पैसे दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असेही सांगितले. औषध ठाऊक असणे हा त्या गोष्टीचा छोटासाच भाग आहे. पुढचे सगळे म्हणजे वाहन, निवारा, खर्च आणि परत येण्याचे वचन.

सिकलसेलच्या बाबतीत औषध आपल्याला ठाऊक आहे. पाड्यावरच्या त्या मुलीसारख्या अनेक मुलांसाठी आता पुढचे काम उरले आहे. आपल्या प्रार्थनेत त्या मुलांना, त्यांना शोधत डोंगर चढणाऱ्या आरोग्यसेविकांना आणि दूर कुठेतरी सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या संशोधकांना जागा असू द्यावी, ही विनंती.